आसरा मागायचा कुणी, द्यायचा कुणी

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग नागोठण्याकडं निघून जातो आणि उजव्या हाताचा फाटा पोयनाडवरून अलिबागला उतरतो. शनिवार-रविवारी या फाट्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना किनारा गाठायचा असतो. त्याच किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेला, नवगाव आहे आणि तिथं बेने इस्रायलांचं जुनं कबरस्तान आहे. त्यांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी छळाला कंटाळून निघालेल्या ज्यूंचं एक गलबत इथं फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावात पुरलं आणि वाचलेले इथलेच झाले.

त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ज्या गावानं थारा दिला त्या गावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. भाषा मराठी, बायकांचं नेसणं इथलं, आणि सणाला मलिद्याचं ताट. पेणला आणि अलिबागला त्यांची सिनेगॉग आजही उभी आहेत.

या आश्रयाचा एकही कागद नाही. गलबत कुठल्या साली फुटलं, कुणाच्या अंमलात ही माणसं उतरली, कुणी त्यांना राहा म्हटलं, कशाचीच नोंद नाही. गावानं मनात आणलं आणि त्यांना राहू दिलं. रायगडातल्या माणसांनी या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा, मीही बाळगतो. पण मनात आणलं म्हणून मिळालेला आसरा मनातून उतरलं की जातो, आणि मग तक्रार कुणाकडं करायची हे कुणी सांगू शकत नाही.

वडखळजवळच्या एका गावातली मुलगी कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. तिनं निर्वासितांच्या कायद्याचा पेपर निवडला तेव्हा घरच्यांनी आणि वर्गातल्यांनी तिला एकच विचारलं, आपल्याकडं निर्वासित आहेत कुठं, आणि हे शिकून अलिबागच्या कोर्टात करणार काय? प्रश्न रास्त आहे. तिच्या पुस्तकांत जिनिव्हा, न्यूयॉर्क, भूमध्य समुद्रातल्या बोटी, ग्रीसच्या छावण्या आहेत. महाराष्ट्राचं नाव कुठं नाही. तिच्याशी बोलताना मला वाटत गेलं की हा सबंध विषय महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून शिकवता येईल, आणि तसा शिकवला तर अधिक खरा वाटेल. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

* * *

जगातल्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आश्रयाच्या संदर्भात जे जुने निवाडे वाचावे लागतात, त्यांतल्या एकाचं नाव आहे सावरकर प्रकरण. मार्सेयची उडी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्या उडीनंतर हेगला काय झालं ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

'मोरिया' बोट १ जुलै १९१० रोजी सावरकरांना घेऊन इंग्लंडहून निघाली. ७ जुलैला ती फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात लागली. ८ तारखेच्या सकाळी ते बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर चढले. त्यांचा हिशेब कायद्याचा होता. ते बॅरिस्टरी शिकलेले होते. एकदा फ्रान्सच्या भूमीवर पाय पडला की आपण राजकीय आरोपी म्हणून आश्रय मागू शकतो आणि आपल्याला परत न्यायचं तर ब्रिटनला रीतसर प्रत्यार्पण मागावं लागेल, हे ते जाणून होते. धक्क्यावर फ्रेंच पोलिसानं त्यांना धरलं. मागून धावत आलेल्या बोटीवरच्या पोलिसांच्या सोबतीनं त्यानं त्यांना परत बोटीवर नेऊन सोडलं. सगळा प्रकार काही मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी बोट पुढं निघाली.

फ्रान्समध्ये गदारोळ उठला. 'ल्युमानिते' हे समाजवाद्यांचं दैनिक आणि त्याचे संपादक झाँ झोरेस यांनी प्रश्न लावून धरला. पॅरिसमधून मादाम कामा त्यासाठी झटत होत्या. फ्रेंच सरकारला भूमिका घ्यावी लागली. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी करार करून वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडं सोपवला. पाच लवाद बसले. अध्यक्ष होते बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्त.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. सावरकरांना पकडून ब्रिटिश पोलिसांच्या हवाली करण्यात अनियमितता झाली, हे लवादानं मान्य केलं. पण परक्या राज्याच्या पोलिसाच्या चुकीनं हाती आलेला कैदी परत करावा, असा कुठलाही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असंही म्हटलं. म्हणून ब्रिटननं त्यांना परत देण्याचं कारण नाही. हा निवाडा यायच्या आतच मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणानं त्यांना दोन जन्मठेपी ठोठावलेल्या होत्या.

सावरकरांच्या विचारांशी कुणाचं पटो वा न पटो, या निवाड्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यानं लक्षात ठेवलीच पाहिजे. वादी फ्रान्स होतं, प्रतिवादी ब्रिटन. ज्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस या खटल्यात पक्षकार नव्हता. त्याला कुणी बोलावलं नाही, त्याचं म्हणणं कुणी नोंदवलं नाही. आश्रय ही त्या काळी फ्रान्सच्या मालकीची वस्तू होती, त्यामुळं फ्रान्सचा अपमान झाला की नाही एवढंच हेगला तपासलं गेलं. धक्क्यावरच्या पोलिसाला त्यांनी काय सांगितलं आणि त्यावर त्या पोलिसानं काय करायला हवं होतं, हा प्रश्न निवाड्याच्या गाभ्यात आलाच नाही. निर्वासितांच्या कायद्याची पुढची शंभर वर्षं म्हणजे या गैरहजर माणसाला खटल्यात हजर करण्याची धडपड आहे, असं माझं वाचन आहे.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मसुदा करणाऱ्या आयोगावर भारतातर्फे मुंबईच्या हंसा मेहता होत्या. जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमात आश्रय आला. आधीच्या मसुद्यात छळापासून पळालेल्या माणसाला आश्रय मागण्याचा आणि मिळण्याचा हक्क लिहिला होता. ब्रिटननं दुरुस्ती आणली आणि 'मिळण्याचा' हा शब्द गेला. मागण्याचा आणि भोगण्याचा एवढाच हक्क उरला. म्हणजे दार वाजवायचा हक्क माणसाचा, उघडायचं की नाही ते घरमालकाच्या मर्जीवर. तरीही १९११च्या मानानं ही मजल मोठी होती, कारण कलमाचा कर्ता आता माणूस होता.

* * *

दुसरा मुक्काम पुरंदर. १९३३नंतर हिटलरच्या राज्यातून निसटलेले काही ज्यू मुंबईला आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली मुंबईत ज्यूंची मदतसंस्था निघाली. आकाशवाणीची जी सकाळची धून आपण पिढ्यानपिढ्या ऐकली ती बांधणारे वाल्टर काउफमान हे याच लाटेत आलेले. चित्रकार वाल्टर लांगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना हात दिला. पण सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारला या लोकांच्या पासपोर्टवर फक्त 'जर्मन' दिसलं. हिटलरपासून पळालेले आणि हिटलरला मानणारे दोघंही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. नगरच्या नजरबंदी छावणीत कित्येकांची रवानगी झाली. पुढं चौकशी समितीपुढं बऱ्याच जणांची सुटका झाली, तरी पुरंदरावरच्या इमारतींत कुटुंबंच्या कुटुंबं वर्षानुवर्षं नजरकैदेत राहिली.

१९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचं आठवं कलम नेमकं याविषयी आहे. एखाद्या राष्ट्राच्या नागरिकांविरुद्ध विशेष उपाय योजले तरी केवळ नावापुरतं त्या राष्ट्राचं नागरिकत्व आहे म्हणून ते निर्वासितावर लादू नयेत, असं ते सांगतं. वर्गात हे कलम वाचताना ते कोरडं आणि दूरचं वाटतं. पुरंदरच्या माचीवर उभं राहून वाचलं तर ते का लिहावं लागलं हे समजतं.

तिसरा मुक्काम कोल्हापूरजवळचं वळिवडं. तिकडं मात्र सावकाश वळायला हवं.

फेब्रुवारी १९४०पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जर्मनीनं रशियावर चाल केल्यावर जुलै १९४१मध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात समझोता झाला आणि या लोकांना सोडण्यात आलं. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. इराणहून कराची, कराचीहून पुढं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश मुलांना ठेवून घेतलं ती गोष्ट आता बरीच माहीत झाली आहे. त्याहून कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात पंचगंगेकाठी वळिवड्याला १९४३ साली उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं तिथं राहत होती. कौलारू बराकींच्या ओळी, पुढं पडवी, पडवीत फुलझाडं. चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं होत, स्काउटची पथकं होती. क्षयाच्या रुग्णांना पाचगणीला ठेवत. खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत असे.

कोल्हापूरकरांनी ही माणसं जपली आणि त्या माणसांनी कोल्हापूर जपलं. तिथं वाढलेली मुलं पुढं जगभर पांगली आणि म्हातारपणी पुन्हा वळिवडं बघायला आली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांनी स्मारक उभारलं. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४मध्ये भारताचे पंतप्रधान तिथं फुलं वाहायला गेले होते.

हे सगळं कृतज्ञतेचं झालं. कायद्याचा प्रश्न १९४५मध्ये पडला. युद्ध संपलं, ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. आता जा घरी, असं या बायकांना सांगणं सोपं होतं. पण घर कुठलं? ज्या गावांतून त्यांना उचललं ती गावं याल्टाच्या वाटाघाटींनंतर सोव्हिएत हद्दीत गेली होती. ज्यांनी हाकललं त्यांच्याच हाती पुन्हा जायचं? बहुसंख्यांनी नकार दिला. काही ब्रिटनला गेले, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला. १९४८पर्यंत वळिवडं रिकामं झालं.

२८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात करार स्वीकारला गेला तेव्हा त्यातली निर्वासिताची व्याख्या अशाच माणसांवरून बेतलेली होती. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यामुळं छळ होईल अशी सकारण भीती असलेला, आपल्या देशाबाहेर असलेला, आणि त्या भीतीपोटी परतू न शकणारा वा न इच्छिणारा माणूस. १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांमुळं, ही आणखी एक अट होती, ती १९६७च्या पूरक करारानं काढली. या व्याख्येतला 'न इच्छिणारा' हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वळिवड्यातल्या बाईचा नकार त्यात कायद्याच्या भाषेत उतरला आहे.

हजारो पोलिश निर्वासितांना भारताच्या भूमीवर थारा मिळाला होता, आणि त्यांच्यासारख्यांसाठी लिहिलेल्या करारावर स्वतंत्र भारतानं सही केली नाही. आजही केलेली नाही. अफगाणिस्तान सोडलं तर दक्षिण आशियातल्या कुठल्याच देशानं केलेली नाही. कारणं दिली जातात ती सगळीच फोल नाहीत. करार युरोपच्या गरजेनं आणि शीतयुद्धाच्या सावलीत झाला. फाळणीत दीड कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून आली-गेली, त्यांच्यासाठी त्यात जागा नव्हती. त्यांना पलीकडच्या देशात नागरिकत्व मिळतच होतं, त्यांना हवी होती घरं, धंदे, भरपाई.

या ठिकाणी वळिवड्याची गोष्ट वळण घेते. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. ती वसाहत म्हणजे आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. बस्ता बांधायला जाणाऱ्या कुटुंबांना ते गाव नीट ठाऊक असतं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचंही असंच झालं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं उल्हासनगरची स्थापना झाली. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असाच सांगतात.

या लोकांसाठी सरकारनं नुसती दया दाखवली नाही. कायदे केले. १९५४ साली संसदेनं विस्थापितांची भरपाई आणि पुनर्वसन यांचा कायदा केला. दावा कुणाकडं करायचा, त्याची पडताळणी कशी होणार, निर्णय पटला नाही तर अपील कुठं, हे त्यात लिहिलं. ज्या सरकारनं तो केला त्याचे अर्थमंत्री रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख होते. आणि ज्या काळात दिल्लीभोवती निर्वासितांचे तळ पडले होते त्या १९४८मध्ये, नेहरूंच्या सांगण्यावरून तिथं जाऊन हाकललेल्या मेव मुसलमानांना त्यांच्या जमिनींवर परत बसवण्यासाठी खपत होते विनोबा, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले. निर्वासितांसाठी लिखित कायदा आपल्याला झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी १९५४ची आठवण देतो. आपण तो केला होता आणि त्यावर राज्यकारभार चालवला होता.

* * *

आज परकीय निर्वासितासाठी भारतात वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची नोंद सरकार ठेवतं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थंडीत आपल्या शहरांत स्वेटरची दुकानं मांडणारी काही माणसं तिथली असतात. म्यानमार, अफगाणिस्तान आणि इतर ठिकाणांहून आलेल्यांच्या अर्जांची छाननी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, दिल्लीत बसून. तिनं दिलेलं ओळखपत्र पोलीस ठाण्यात मानतीलच असं नाही. कायद्याच्या नजरेत तो माणूस 'परदेशी' असतो. पासपोर्ट-व्हिसा नसेल तर बेकायदा परदेशी. आधी १९४६चा परदेशी नागरिक कायदा होता. १ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या आणि आणखी तीन कायद्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा आला. निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही.

मग आधार उरतो तो राज्यघटनेचा. एकोणिसावं कलम नागरिकांना हक्क देतं. चौदावं आणि एकविसावं कलम प्रत्येक व्यक्तीला देतं. ही निवड घटनाकारांनी विचारपूर्वक केलेली आहे आणि निर्वासितांचे सगळे खटले तिच्यावर उभे आहेत. १९९४ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका इराणी निर्वासिताच्या अर्जावर सांगितलं की संयुक्त राष्ट्रांनी त्याला निर्वासित मानलं आहे, तेव्हा त्याला इराणला पाठवायचा प्रश्नच येत नाही, तो त्याला हव्या त्या देशात जाऊ शकतो. १९९६मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांबाबत सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. १९९८मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं, जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत न ढकलण्याचं तत्त्व एकविसाव्या कलमातच सामावलेलं आहे, असं म्हटलं. करारावर सही नसतानाही त्याचं हृदय आपल्या न्यायालयांनी घटनेत शोधून काढलं, याचा मला फार आदर वाटतो.

पण निवाड्यांवर उभं राहिलेलं संरक्षण पालटूही शकतं. म्यानमारमधून आलेल्या आणि जम्मूत अडकवलेल्या रोहिंग्यांच्या अर्जावर ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, अंतरिम आदेश दिला. चौदावं आणि एकविसावं कलम सगळ्यांना लागू आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. रीतसर प्रक्रिया पाळून त्यांना पाठवता येईल. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, ३ मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयानं म्यानमारच्या लष्करापासून पळालेल्या सात जणांना, त्यांत पत्रकारही होते, दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांपुढं अर्ज करण्यासाठी सुरक्षित वाट मोकळी करून दिली, आणि परत न ढकलण्याचं तत्त्व एकविसाव्या कलमात बसतं असंच पुन्हा लिहिलं. एकाच शेजारी देशातून पळालेली माणसं, दोन न्यायालयं, दोन नशिबं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातला तर्क मला मान्य नाही. परत पाठवल्यावर माणूस मारला जाणार असेल तर त्याचा प्रश्न वास्तव्याचा राहत नाही, तो जिवाचा होतो, आणि जिवाचं कलम 'व्यक्ती' म्हणतं.

देशाची सुरक्षा, लोकसंख्येचा ताण, खोटे दावे या शंका खऱ्या आहेत. त्यांवर उपाय म्हणजे दावा तपासणारी यंत्रणा, आणि ती कायद्याशिवाय उभी राहत नाही. न्यायमूर्ती भगवतींच्या पुढाकारानं १९९७ साली एक नमुना कायदा तयार झाला होता. २०१५ साली शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाचं खासगी विधेयक मांडलं. दोन्हींचा कायदा झाला नाही. नीट चौकशी न करता माणसं उचलली तर काय होतं ते जून २०२५मध्ये आपल्या शेजारी मीरा रोडला दिसलं. तिथून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुराला बांगलादेशी समजून सीमेपलीकडं ढकललं गेलं, तो भारतीय असल्याचं निघालं तेव्हा परत आणावं लागलं. वडखळ-डोलवीच्या पट्ट्यात पोलाद कारखान्यामुळं झारखंड, ओडिशा, बंगालचे कामगार मोठ्या संख्येनं राहतात. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बंगाली ऐकू येते. परदेशी माणसाची चौकशी नीट करण्याची शिस्त नसली की पहिला फटका अशा आपल्याच नागरिकाला बसतो.

* * *

पुण्याकडं एक बोट ठेवून पुढं जाऊ. तिथल्या महाविद्यालयांत अफगाण विद्यार्थी दरवर्षी येत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेलं, आणि शिकून परत जायला आलेली ही मुलं, विशेषतः मुली, एका दिवसात परतीची वाट हरवून बसली. व्हिसा वाढवून द्या म्हणून त्यांनी विनवण्या केल्या. माणूस घर सोडताना निर्वासित नसतो आणि परक्या गावी असताना होऊ शकतो, हे तत्त्व कायद्यानं केव्हाच मान्य केलेलं आहे.

आता पुन्हा वडखळकडं, पेणच्या खारेपाटात. वडखळच्या आसपासची शेती खाडीला बांध घालून मिळवलेली आहे. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला की भरतीचं खारं पाणी भातात शिरतं, आणि पुढच्या काही वर्षांत शेताच्या जागी कांदळवन दिसू लागतं. बांध घालायची सामुदायिक रीत मोडली, सरकारी दुरुस्त्या वेळेवर होत नाहीत, आणि समुद्र वर येतो आहे. या मातीतली विद्यार्थिनी जेव्हा किरिबाटीच्या तेइतिओताचा दावा वाचते, तेव्हा तिला तो समजवावा लागत नाही.

इओआने तेइतिओता हा पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवरचा माणूस. समुद्र चढतो आहे, विहिरींत खारं पाणी आलं, पिकं जातात, उरलेल्या जमिनीवरून मारामाऱ्या होतात, म्हणून मला निर्वासित माना, असं त्यानं न्यूझीलंडमध्ये सांगितलं. २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला, कारण व्याख्येत छळ लागतो आणि समुद्र कुणाचा छळ करत नाही. त्याला परत पाठवलं. तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडं गेला. जानेवारी २०२०मध्ये समितीचा निर्णय जाहीर झाला. तेइतिओता हरला. पण जगणं अशक्य होईल अशा ठिकाणी माणसाला परत पाठवणं हा जीविताच्या हक्काचा भंग ठरू शकतो, हे समितीनं पहिल्यांदा लिहून ठेवलं.

वडखळच्या मुलीनं यावर विचारलं की मग बाहेरकाठा फुटून जमीन गेलेला आमचा शेतकरी कोण? आणि सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, ज्यांची जमीन मागितली गेली ते कोण? २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर जनमत घेतलं गेलं, ते तिच्या लहानपणीचं. कायद्याचं उत्तर असं की सीमा ओलांडली नाही तर माणूस निर्वासित होत नाही. तो नागरिकच राहतो आणि त्यानं हक्क आपल्याच सरकारकडं मागायचा. पण त्या जनमतात महाराष्ट्रानं जे केलं ते मला या विषयाला फार जवळचं वाटतं. ज्याचं घर-शेत जाणार त्याला आधी विचारलं गेलं आणि त्याचं उत्तर कागदावर घेतलं गेलं. हेगमध्ये सावरकरांच्या वाट्याला हे आलं नव्हतं, वळिवड्यातल्या बायकांना झगडून ते मिळवावं लागलं, आणि आश्रयाच्या कायद्यात सगळ्यात आधी हेच हवं. सीमेवर, विमानतळावर वा पोलीस ठाण्यात माणसानं आसरा मागितला तर तो अर्ज लिहून घेण्याचं बंधन असलेला अधिकारी, त्याच्या भाषेचा दुभाषी, वकील, कारणं दिलेला निर्णय आणि एक अपील. त्याउपर काही जणांना नकार मिळेल. मिळावाही. पण तो ऐकून घेतल्यावर मिळेल.

तोवर अलिबागच्या कोर्टात काय करता येईल, हा घरच्यांचा प्रश्न राहतोच. करता येतं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानं कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो. तिथं नागरिकत्वाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे. घटनेच्या बाविसाव्या कलमानं अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं, शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता वगळता परदेशी माणसालाही. व्हिसा संपलेला किंवा कागद नसलेला कुणी परदेशी उद्या रायगड पोलिसांनी तिथं हजर केला, तर प्राधिकरणाच्या यादीवरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला, दुभाष्यामार्फत, त्याला विचारायचं की तुला परत पाठवलं तर तिथं काय होईल. उत्तरात भीती असेल तर लेखी अर्ज द्यायचा, ती भीती कुणाची आणि कशामुळं हे त्यात त्याच्या शब्दांत लिहायचं, दिल्लीतल्या निर्वासित संस्थेला कळवण्याची मुभा मागायची, आणि त्या दिवशीच्या रोजनाम्यात त्याची नोंद करून घेतल्याशिवाय कोर्टाबाहेर पडायचं नाही.